करलावी

उपकेंद्रामागची सांदवाडी
आठ पावलं लांब, पाच रुंद.
आधीच्या नर्सबाईनं इथं वांगी लावली होती.
मी कंद लावला,
आणि गावानं तोंडात बोट घातलं.

पुस्तकात तिचं नाव कळलावी.
पिपरडोहात ळ जिभेवर टिकत नाही.
इथं डोळ्याला डोरा म्हणतात,
तिला करलावी.
अंगणात असली की घरात भांडण, म्हणतात.
मी एकटी राहते. भांडू कोणाशी?
स्टोव्हशी, रजिस्टरशी,
सोमवारी न पोचणाऱ्या लशीच्या डब्याशी.

जेसीबीच्या दातांखाली सापडला कंद.
नागभीडचा रस्ता रुंद होत होता,
धुऱ्यावरचा पळस आडवा,
त्याच्या मुळांत हा,
कोपरात दुमडलेल्या हातासारखा,
मातकट, गार.
मी लगेच ओळखला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी
भिवरा दाईच्या मुठीतून हाच हिसकावला होता,
उगाळून बाळंतिणीच्या पोटाला लावायच्या आत.
"विष आहे हे," ओरडले होते मी,
"पुन्हा दिसलं तर तक्रार करीन."
ती काहीच बोलली नाही.
हात पदराला पुसून
उंबऱ्याबाहेर जाऊन बसली.
त्यानंतर सतरा वर्षं
तिनं मला जोहार केला नाही.
आणि पोटुशा बाया तिच्या दारावरून
माझ्या दारी येत राहिल्या.

खोटं नव्हते बोलले.
विषच आहे. शेळीही तोंड लावत नाही.
म्हणून हातमोजे घालून लावला,
उभा.
ज्येष्ठ सरला. कोंब नाही.

मग एका दुपारी कुडापलीकडून:
"उभा नाई लावत, नर्सबाई.
आडवा निजव.
टोकाले बारीक डोरा रायते,
तो मोडला का गेला.
अना पानी कमी दे. धान नोहे तो."

उकरला. निजवला. चार बोटं माती.

कोंब दिसला आणि मग तिला कोण धरणार!
पानाच्या टोकाला बोट फुटतं तिच्या,
हाती लागेल ते पकडत जाते:
तुराट्या, कूड, सलाईनचा मोडका स्टँड,
वाळत घातलेल्या साडीचा काठ.
पोळ्याच्या आदल्या दिवशी फूल.
खाली मान घालून उमललं, हिरवट,
मग एकेक पाकळी मागं वळली,
पिवळी, मग टोकाकडून पेटत आलेली.

मारबतीच्या सकाळी पोरं
गावची पीडा शिवेपार घालवायला निघाली.
सरपंचाची भावजय कुडाशी थांबली:
"मॅडम, हे झाड बी द्या ना त्यायच्यासंगं."
तेव्हा भिवरा कुडाच्या अलीकडे आली.
"कर लावते म्हनून करलावी.
करेशिवाय कोन जन्मलं वं या गावात?
तू जन्मली?"

भावजय गेली.
आणि आम्ही दोघी भांडलो.
सतरा वर्षांचं, उभ्या उभ्या, पोटभर.
मी तिच्या हाताखाली गेलेल्या तिघींची नावं घेतली.
तिनं माझ्या गाडीत, नागभीडच्या वाटेवर
गेलेल्या दोघींची.
वासराच्या खुराएवढ्या खड्ड्यांची ती वाट,
मलाही ठाऊक होती.
पाचही नावं हवेत राहिली थोडा वेळ.
मग मी स्टोव्ह पेटवला.
ती म्हणाली, साखर कमी.

दिवाळीनंतर वेल वाळला.
जुना कंद मातीत विरून गेलेला,
त्याच्या जागी दोन, नवे, कोवळ्या सालीचे.
एक तिच्या पुढ्यात धरला.
हातमोजेही दिले.
ते तिनं पाहिले, हसली,
आणि उघड्या हातानं कंद घेतला.

आता कुडाच्या दोन्ही बाजूंना
एकेक फुटकं कवेलू आहे मातीवर,
खूण म्हणून. वर काही दिसत नाही.
जोहार अजून करत नाही ती.
जाता-येता कोंबड्या हाकलते,
माझ्याही बाजूच्या.